समोरचा दात आणि बाभळीची फांदी

अप्पा,

काल दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या जबड्याचा फोटो काढला आणि पडद्यावर तो मोठा करून बराच वेळ बघत बसल्या. बाई कसल्या, माझ्या लेकीच्या वयाची पोरगी आहे. मग खुर्ची माझ्याकडं फिरवून म्हणाली, "काकू, हा वरचा समोरचा दात इथला नाही. हा खालचा आहे. इथं कसा आला?" मला हसूच फुटलं. चाळीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्याच्या नाही, सासूच्या तर नाहीच, आणि ती बाई सुनेतली खोट शोधायला चष्मा लावून बसायची. मी म्हटलं, "लातूरला बसवून घेतला होता. मी अकरा वर्षांची होते तेव्हा." तिनं आणखी दोघांना हाक मारून आत बोलावलं. तिघंही पडद्याला नाक लावून बघायला लागले. एक जण म्हणाला, "त्या काळी? आपल्या भागात?" तुम्ही तिथं असायला हवे होतात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली असती आणि हलक्या आवाजात म्हणाला असतात, "हाव, आम्हीच बसवून घेतला."

मग तिनं पुढचं सांगितलं. दाताचं मूळ झिजत आलंय, हाडानं त्याला सोडलंय, काढावा लागेल. त्या जागी स्क्रू बसवून नवा दात लावता येतो, फार त्रास होत नाही. "गुरुवारी करू या?" मी म्हटलं, सांगते. घरी आले, मशीनवर बसले, एका ब्लाउजची बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. मग मशीनवर झाकण ठेवलं आणि मापं लिहायची वही ओढून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा, पण लिहिलं कधी नाही. हा दात तोंडातून जायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही होतात तेव्हा ती मी अर्धीच सांगितली.

निघताना तिनं आणखी एक विचारलं. "शिवणकाम करता ना? धागा दातानं तोडता का?" मी साफ नाही म्हटलं. तिला माझ्या दातांच्या कडेला पडलेल्या खाचा दिसत असणार, पण शहाणी पोरगी, काही बोलली नाही. तुम्ही बोलायचात. परकराच्या नाडीला गाठ बसली, दप्तराच्या बंदाला बसली, की मी तोंड खाली घालून दातानं सोडवायची, आणि तुम्ही असाल तिथून ओरडायचात, "आगं ए, दात हायेत का सांडशी? गाठ हातानं सुटते." हातानं सुटते हे खरं, अप्पा, पण सबुरी असलेल्याच्या हातानं. तुमच्याकडं ती मुबलक होती. मला तुमचं नाक मिळालं, तुमचे मोठे कान मिळाले, सबुरी तेवढी कुठं सांडली कोण जाणे.

तुमच्या सायकलीच्या मागं ती हिरवी पत्र्याची पेटी बांधलेली असायची. तिच्यात दोन मोठे पाने, ग्रीसचा डबा, चामड्याची वायसरं आणि जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला हाताच्या पंजाएवढा आरसा. उदगीरच्या भोवतालच्या गावांतले सरकारी हापसे दुरुस्त करायचं तुमचं काम. हापशाला तुम्ही कधी यंत्र म्हणाला नाहीत. हा खोकतोय, ह्याचा दम गेला, असंच बोलायचात. वरची पेटी उघडली की तुम्ही आरशावर ऊन धरायचात आणि ते बोअरच्या पोटात सोडायचात, पाणी किती खाली गेलंय, पाईप कुठं अडकलाय ते बघायला. एकदा मलाही वाकून बघायला लावलंत. खोल, फार खोल, काहीतरी चमकलं. "दिसलं का? हाय अजून," तुम्ही म्हणालात, आणि मी गावभर सांगत सुटले की आमच्या अप्पांनी मला जमिनीच्या पोटातलं पाणी दाखवलं.

आणि तुमची ती फांदी. हापसा बिघडला आणि दुरुस्तीचं सामान हाताशी नसलं की तुम्ही बाभळीची काटेरी फांदी तोडून दांड्याला सुतळीनं आवळून बांधायचात. पाटी लावून उपयोग नव्हता, वाचता येणारे थोडे. फांदी दिसली की बाया घागरी घेऊन मुकाट माघारी फिरायच्या. पाण्याचे दिवस इतके वाईट असूनसुद्धा ती फांदी कुणी काढल्याचं मला आठवत नाही. तुमच्या हाताला गावात तेवढा मान होता.

त्या सालाची तुम्हाला आठवण करून द्यायला नको. लातूरचा नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवलं होतं, पण खालची जुनी अक्षरं अजून दिसायची. लोक म्हणायचे, जिल्हा आला अन् पाणी गेलं. आमच्या घरात दिवसाला दोन घागरी पाणी. अव्वा तांब्यानं मोजून द्यायची. आईला आम्ही सीमेकडचे लोक अव्वाच म्हणतो हे तुम्हाला कशाला सांगतेय, पण इथं माझी नातवंडं अव्वा म्हटलं की हसतात. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, आंघोळ एकाआड एक. आणि त्यातच शाळेत बाईंनी सांगितलं की नव्या जिल्ह्याचे कलेक्टर पाझर तलावाचं काम बघायला येणार, मुलींनी स्वागतगीत म्हणायचं, पहिल्या ओळीतल्या मुलींचा गणवेश पांढराशुभ्र पाहिजे. मी पहिल्या ओळीत होते. माझा गणवेश मातीच्या रंगाचा झाला होता. अव्वाला पाणी मागितलं तर ती म्हणाली, "कलेक्टर तुझा फराक बघाय येऊन राहिला का? गप बस."

त्या दिवशी सकाळी तुम्ही शाळेमागच्या हापशावर गेला होतात. दांड्याची आतली साखळी एका बाजूनं कापत आली होती, नवी साखळी आणायला तुम्ही तिथूनच उदगीरला निघालात. दुपारी, सगळे सावलीला असताना, मी कळशी आणि फ्रॉक घेऊन त्याच हापशावर गेले. आठ-दहा वेळा दांडा मारला असेल. पाणी यायला लागलं होतं. मग दांड्यातला जोर एकाएकी नाहीसा झाला, दांडा खाली आदळला आणि मी त्याच्यावर तोंडघशी पडले. साखळी तुटली होती. दुखलं ते नंतर. आधी फक्त तोंडात लोखंडाची चव आली आणि जिभेला समोर एक मोकळी जागा लागली. दात तिथंच चिखलात पडला होता, मुळासकट. मी तो उचलून मुठीत घट्ट धरला आणि रडत घरी पळाले.

तुम्ही संध्याकाळी साखळी घेऊन आलात तेव्हा नर्सबाईंनी माझ्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला होता. तुम्ही मला मांडीवर घेतलंत, एवढी मोठी असूनसुद्धा. मूठ उघडून दात काढून घेतलात. मग अंगणातलं चिमूटभर शेण घेतलंत, त्याचा गोळा केलात, दात त्यात घातलात आणि माझ्या आधीच्या प्रत्येक दाताचं केलंत तसंच घरावरच्या मातीच्या माळवदावर फेकून दिलात. "नवा येतो बघ," म्हणालात, "पहिल्यापेक्षा झ्याक." अव्वा चुलीपाशी उभी राहून बघत होती. दुधाचा कोणता, पक्का कोणता, कुणी हिशेब ठेवला होता? पोरीचा दात पडला, तो माळवदावर जाणार. आमच्याकडं दुसरं काही करतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आपण एसटीनं लातूरला गेलो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तो तरुण डॉक्टर नुकताच बसला होता. मुंबईला शिकलेला, जिल्हा झाला म्हणून गावाकडं परतलेला, अंगावरचा पांढरा कोट अजून कडक. त्यानं तोंड बघितलं, हात धुतले आणि पहिलं विचारलं, "दात कुठंय?"

"कंचा दात?" तुम्ही म्हणालात.

"पडलेला. बरोबर आणलाय ना?"

"माळवदावर टाकला की."

"माळवदावर?"

"शेणात घालून. आमच्यात तसंच करतेत, साहेब. मग नवा येतो."

तो चिडला नाही, हेच वाईट झालं. तो तुमच्या शेजारी बसला आणि सावकाश समजावून सांगायला लागला की हा दुधाचा नव्हता, हा पुन्हा येत नसतो, आणि काल लगेच वाटीभर दुधात घालून आणला असता तर मी होता तिथंच बसवून दिला असता. आता उशीर झाला, असं तो म्हणाला. तुम्ही टोपी काढलीत. परतीच्या एसटीत निलंग्याची कुणी बाई कानडीत लेकराला खेळवत होती, आणि तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होतात. मी तुमच्या दंडाला डोकं लावलं तरी तुम्ही तोंड इकडं वळवलं नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही ज्वारीची चाळण घेऊन माळवदावर चढलात. तीन दिवस तुम्ही वरची माती चाळत होतात. उशीर झालाय हे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टरनं दोनदा सांगितलं होतं. अव्वा खालून ओरडायची, "खाली या वो, लोकं बघून राहिलेत." तुम्हाला माझे दोन दुधाचे दात सापडले, तांदळाएवढे. तो मोठा काही सापडला नाही. ते दोन दात तुम्ही पेटीत, आरशाच्या फडक्यात बांधून ठेवलेत.

या तीन दिवसांत गावात दुसरंच बोलणं चाललं होतं. हापशावर फांदी नव्हती. साखळी खराब आहे हे माहीत असून मिस्त्रीनं हापसा उघडा टाकला, आणि भोगलं कुणी, तर त्याच्याच पोरीनं. सरपंच घरी आले. "मिस्त्री, फांदी बांदली न्हवती का तुमी?" तुम्ही म्हणालात, "बांदली होती." आणि मग, "बांदली असंल." आणि ते गेल्यावर चुलीपुढं बसून अव्वाला म्हणालात, "एस्टी गाठायच्या घाईत होतो. इसरलो असंल गं." मी बाजेवर पडून ऐकत होते. माझ्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. हे पहिले चार दिवस खरं होतं.

मग डॉक्टरचं पोस्टकार्ड आलं, मुलीला घेऊन या, एक उपाय आहे. त्यानं माझ्या जबड्याचा पहिल्या दिवशी काढलेला फोटो उजेडाला धरून दाखवला. खालच्या बाजूला, दुधाच्या दाढेखाली एक नवा दात वर यायला बसला होता, त्याचं मूळ अजून पुरं झालं नव्हतं. तो काढून समोर बसवायचा. "मिरचीचं रोप कोवळं असतानाच हलवतात ना, तसं," तो म्हणाला, "मुळाला धक्का न लावता." त्यानं हे आधी एकदाच केलं होतं, तेही आपल्या गुरूंच्या हाताखाली. धरेलच असं सांगता येत नाही, हेही त्यानं झाकून ठेवलं नाही. अव्वा बरोबर आली होती. ती उसळली. "एक गेला तर गेला, धडधाकट दुसरा उपटायचा? याड लागलंय का?" डॉक्टर म्हणाला, वय वाढतं आहे, जबडा वाढतो आहे, आता पक्कं असं काहीच बसवता येत नाही. काढघालीचा दात देता येईल, तो बोलताना निसटेल. तेव्हा तुम्ही जे बोललात ते अव्वा मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची आणि हसायची. तुम्ही तोंड उघडून पुढं सरकलात. "साहेब, माजा घ्या की. चांगले हायेत, तंबाकू खात न्हाई मी." डॉक्टर हसला नाही. "दुसऱ्याचा लागत नाही," तो म्हणाला. "बापाचासुद्धा नाही. तिचाच पाहिजे."

तुम्ही मला विचारलंत. घरात पोरीला कुणी काही विचारायची रीत नव्हती, पण तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसून विचारलंत, "तुला काय वाटतं गं?" मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, पोरगी धीराची आहे. धीर कसला, अप्पा. तुम्ही त्या दिवशी विहिरीत उडी मार म्हणाला असतात तरी मी मान हलवली असती. मला तुमच्याकडं बघवत नव्हतं.

दात बसवला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. खिडकी उघडी आहे, बाहेर रिक्षावाला कुणाशी हुज्जत घालतोय. सुई टोचून झाली आहे, अर्धं तोंड माझं नाही. खालचा दात निघालाय, डॉक्टरनं तो चिमट्यात वरच्या टोकाला धरलाय आणि समोरच्या खाचेत उतरवणार, तेवढ्यात लाइट गेली. खोलीत अंधूक झालं. डॉक्टर नुसता "अरे अरे" म्हणत उभा राहिला. असा दात बाहेर फार वेळ ठेवता येत नाही, असं तो सकाळपासून सांगत होता. तुम्ही पिशवीतून आरसा काढलात. कामाच्या पेटीतला आरसा तुम्ही त्या दिवशी का आणला होतात हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही खिडकीत गेलात, ऊन पकडलंत आणि नेमकं माझ्या तोंडात सोडलंत. "बगा साहेब, दिसतंय का?" डॉक्टर म्हणाला, "दिसतंय. हलू नका." तुम्ही हलला नाहीत. बोअरमध्ये सोडायचात तोच उजेड माझ्या जिभेवर, टाळूवर गरम लागत होता, आणि त्या उजेडाच्या पलीकडं तुमचं तोंड, घामानं भिजलेलं, विभूती ओघळलेली. मला आजही कधी तुमची फार आठवण आली तर तुम्ही तिथं, त्या खिडकीत, आरसा धरून उभे असता. दोऱ्यानं दात बांधून होईपर्यंत तुम्ही डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाहीत.

नंतर कितीतरी दिवस अव्वानं मला कण्या आणि आंबील पाजली. कलेक्टर येऊन गेले, पहिल्या ओळीत दुसरी पोरगी उभी राहिली. डॉक्टर दर महिन्याला बोलवायचा, बोटानं दात हलवून बघायचा, फोटो काढायचा आणि म्हणायचा, थांबू या. दात आत रुजला की नुसताच खुंटीसारखा अडकलाय, हे त्यालाही कळत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात आपण असेच त्याच्याकडं निघालो होतो. गोलाईत गाडीवाला घंटी वाजवत होता. तुम्ही मला गारेगार घेऊन दिलंत, लाल रंगाचं, आयुष्यातलं पहिलं. मी समोरच्या दातांनी चावा घेतला आणि ओरडले. "काय झालं?" तुम्ही घाबरलात. मी म्हटलं, "गार लागलं. दाताला गार लागलं." तुम्ही मला तसंच ओढत दवाखान्यात नेलंत, हातात गळणारं गारेगार, आणि डॉक्टरनं पुन्हा चावायला लावलं. पुन्हा गार लागलं. "जिवंत आहे," तो म्हणाला. "मालक, दात जिवंत आहे." तुम्ही खाली जिन्यावर जाऊन बसलात. मी आले तर तुम्ही तोंडावर टोपी धरली होती. मग वरून मसाला लावून, घासून, डॉक्टरनं त्याला समोरच्या दातासारखं रूप दिलं, आणि माझी मी त्याला विसरले.

तुम्ही विसरला नाहीत. दात बरा झाला, तुम्ही बरे झाला नाहीत. फांदी तुम्ही पुढंही बांधायचात, पण अर्ध्या वाटेवरून सायकल वळवून परत जायचात, बांधली का बघायला. एकदा हंडरगुळीच्या रस्त्यावरून दोनदा माघारी गेलात, मी मागं बसले होते. फांदी जागच्या जागी होती. तुम्ही ती हलवून बघितलीत, मान डोलावलीत आणि निघालात. मग घराची कडी, मग कंदिलाची वात, मग गाईचं दावं. "ह्यांचा स्वतःच्या हातावरला इस्वास गेला," अव्वा म्हणायची. ज्या माणसाचा हात आरसा धरताना हलला नाही, त्याला आपल्याच हातानं मारलेल्या गाठीची खात्री वाटत नव्हती. मी हे रोज बघत होते. शाळेत असताना बघितलं, लग्न होऊन नांदेडला आल्यावर सणाला आले तेव्हा बघितलं.

शेवटचे दोन महिने तुम्ही माझ्याकडं होतात. दुपारी मी मशीन तुमच्या खाटेजवळ ओढून घ्यायची, तुम्हाला तिचा आवाज आवडायचा. त्या दिवशी मी धागा दातानं तोडला. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, सांडशी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "दात अजून घट हाय का गं?"

"हाव, घट हाय."

मी बाहीची शिवण घालायला घेतली. मला वाटलं, डोळा लागला तुमचा.

"त्या दिशी मी फांदी बांदली न्हवती," तुम्ही म्हणालात.

मी मशीन थांबवली. अप्पा, मी म्हणाले, "बांदली होती अप्पा. खरंच बांदली होती." तुम्ही हसलात. माझ्या गालाला हात लावलात, तोच दात होता त्या बाजूला, आणि म्हणालात, "मन राखून राहिलीस माजं. असू दे." मी पुढं बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, कुणीतरी फॉलपिकोची साडी घेऊन. खरं सांगू? ते आलं म्हणून मला हायसं वाटलं. तुम्ही त्यानंतर आठ दिवस होतात. त्या आठ दिवसांत आणखीही गिऱ्हाइकं आली, पण सगळा वेळ काही ती नव्हती.

ही वही मी तुमच्या पेटीत ठेवणार आहे. पेटी माझ्याकडंच आहे, पाने गंजलेत, आरशाचा पारा उडालाय, फडक्यात ते दोन दाणे अजून आहेत. गुरुवारी हा दात निघाला की तोही मागून घेईन आणि त्यांच्यात ठेवीन. आमच्या घरावर स्लॅब आहे आणि शेण विकत आणावं लागतं, आणि नवा येणार नाही हे आता मला माहीत आहे. पत्र कुठं टाकायचं ते तर कुणालाच माहीत नाही. तरी लिहून ठेवते.

मी हापशावर गेले तेव्हा फांदी होती. ती कशासाठी असते हे मला गावातल्या कोणत्याही पोरीपेक्षा जास्त माहीत होतं. मला वाटलं, एक कळशी घेईन, फ्रॉक धुईन आणि होती तशी परत बांधून टाकीन, अप्पांना कळणारसुद्धा नाही. काढून शेजारच्या काट्याच्या कुंपणावर ठेवली. नंतर धावत आलेल्या माणसांना ती कुंपणातलीच एक फांदी वाटली. पुढं रोज वाटलं, आज सांगते. रोज तुम्ही माझ्या दाताकडं बघून हसायचात.

तुम्ही फांदी बांधली होती, अप्पा. चार वेढे आणि वरून गाठ, तुमची नेहमीची. मी बोटांनी खूप ओढली, नखं दुखली, हातात काटे घुसले, ती सुटेना. शेवटी मी तोंड खाली घातलं आणि समोरच्या दातांनी सोडवली.